बर्फातल्या झाडाचा उन्हाळा

आमच्या घराच्या मागं, स्वयंपाकघराची भिंत आणि कंपाउंड यांच्या मधल्या बोळात, एक पाम आहे. माझ्या गुडघ्याएवढा. पंख्यासारखी पानं, बुडाशी तपकिरी केसांसारख्या धाग्यांचा गुंता. मूळचा कुमाऊंच्या डोंगरातला. तिकडं हिवाळ्यात त्याच्या पानांवर बर्फ साचतो आणि तो खुशाल उभा असतो. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तो जगला आहे याचं झाडांतलं कळणारी माणसं कौतुक करतात. माझी आई मात्र आता माझ्याकडं राहत नाही. ती अकलूजला, बहिणीकडं असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. विचारणाऱ्यांना मी सांगतो, तिकडं कालव्याचं पाणी आहे, गारवा आहे, तिला बरं वाटतं. हेही खरंच आहे. पण तिच्या जाण्याचं कारण ते नव्हे.

मुलगा शाळेत होता तेव्हा आम्ही एकदा नैनितालच्या बाजूला फिरायला गेलो होतो. उतरलो होतो त्या घराच्या अंगणात हा पाम होता. रात्री बर्फ पडून गेला होता आणि सकाळी त्याच्या पंख्यांवर पांढरे ढीग होते. पाम म्हटलं की मला समुद्र आणि दमट ऊन आठवायचं. हा तर थंडीत मजेत होता. मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. दिवसभर पंख्याखाली कागदांवर वजनं ठेवत बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात असं एखादं चित्र घुसलं की निघत नाही.

पुढं फोनवर एक ग्रुप सापडला. थंड प्रदेशातले दुर्मीळ पाम घरच्या बागेत वाढवणारी माणसं. कुणी उटीचं, कुणी डेहराडूनचं, कुणी पाचगणीचं. मी कुठं राहतो ते लिहिलं तर एकानं उत्तर दिलं, "सोलापूर? तिथं या पामाचा पापड होईल." सगळे हसले. मीही हसण्याचं चिन्ह टाकलं. पण त्या दिवसापासून मला तो पाम सोलापुरात जगवून त्या माणसाला फोटो पाठवायचा होता. झाडांची आवड, निसर्गाचं वेड वगैरे मी लोकांना सांगत आलो. खरं कारण एवढंच होतं.

या पामाचं बी सुकलं की मरतं. झाडावरून काढल्यावर ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवावं लागतं. कुमाऊंच्या एका माणसानं पाठवलेलं पहिलं पार्सल ऐन एप्रिलमध्ये कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडून राहिलं. उघडलं तर आंबलेला वास. दुसरं थंडीत मागवलं. भिजवलेल्या नारळाच्या भुश्यात, पिशव्यांमध्ये घालून बिया महिनोन् महिने कपाटावर ठेवल्या. कोंब आला तो गवताच्या पात्यासारखा. त्याचे पंखे व्हायला वर्षं लागतात, एवढा धीर मला नव्हता. मग पाचगणीच्या माणसाकडून थोडी वाढलेली रोपं आणली, एसटीनं, मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, पोरांचं हाफ तिकीट काढा की." सगळी एसटी माझ्याकडं वळून बघायला लागली आणि मला ते आवडलं.

घरी बायकोनं रोपं बघितली, मला बघितलं. "अहो, बारसं कधी करायचं?"

"दुर्मीळ आहेत ही."

"तुमच्यासारखी," ती म्हणाली आणि आत गेली.

वडील गेल्यावर आई आमच्याकडं आली ती त्यानंतर. माढा तालुक्यात आमचं गाव. शेळ्या हेच तिचं आयुष्य होतं. त्या विकून एका गाठोड्यानिशी ती शहरात आली. मागच्या दारात बसून लसूण सोलायची आणि माझी कामं बघायची. मी कुंडीत कुंडी ठेवून मधल्या फटीत वाळू भरत होतो, वाळू ओली ठेवली की माठासारखी मुळं गार राहतात म्हणून. ती बराच वेळ बघत राहिली.

"शिंदीच की ही," शेवटी म्हणाली.

"शिंदी नाही आई. हिमालयातलं आहे. बर्फात वाढतं."

"मग हितं कशाला आणलंस त्येला? वढ्याला शिंदी लई हाय आपल्यात. एवढ्या लांबनं आणायची व्हय?" मग एका पानाचं टोक चिमटीत धरून तिनं ते वाकवून बघितलं. "शेळीबी तोंड लावायची न्हाय."

पण तिचा जीव त्यात गुंतला. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाणी आलं की आधीचं साठवलेलं शिळं म्हणून ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं, ही घरोघरची पद्धत. ते शिळं पाणी आई बादलीबादलीनं माझ्या कुंड्यांत ओतायची. मुळं कुजतात म्हणून मी तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून ती विचारूनच तांब्याभर घालायची. "त्या बर्फातल्याला पाजू का रं आज?" असं, घरातल्या आजाऱ्याबद्दल विचारावं तसं.

आता त्या उन्हाळ्याकडं येतो.

हा पाम उन्हानं मरत नाही. सावली केली, पोती ओली करून टांगली, हिरवी जाळी बांधली की दिवस काढतो. त्याला मारते ती न निवणारी हवा. सोलापुरात मे महिन्यात भिंती रात्रभर ऊब सोडत राहतात. डोंगरातल्या झाडाला रात्री गारवा लागतो, तो मिळाला नाही की आतला कोवळा पंखा तपकिरी पडतो आणि ओढला की हातात येतो. तसे दोन आले. ग्रुपवर विचारलं. कुणीतरी लिहिलं, गार वारा खेळता ठेवता आला तर बघा.

घरात कूलर एकच होता, आईच्या खोलीच्या खिडकीत. एसी आमच्या बेडरूममध्ये. दुसरा कूलर विकत घेणं मला जड नव्हतं. पण दोन कूलरना पाजायला पाणी नव्हतं, टँकर सांगायला हवा होता, आणि मी ते उद्यावर ढकलत होतो. बायको तेव्हा पुण्याला मुलाकडं गेली होती. त्याच्या परीक्षा होत्या आणि खोलीवर जेवणाचे हाल चालले होते. घरात मी आणि आई.

आमच्यात एक रीत आहे. ती कुणी शिकवत नाही, ताटावर बसता बसता कळते. वाढणाऱ्यानं विचारायचं, भाकरी? जेवणाऱ्यानं म्हणायचं, नको. पुन्हा विचारायचं, पुन्हा नको. मग आणखी एकदा, आणि तेव्हा अर्धी घ्यायची. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरा ठरतो आणि पहिल्या नकोवर टोपली उचलणारा कद्रू. आईच्या बाबतीत तर हे जेवणापुरतं नव्हतं. नवं लुगडं घेऊ? "नगं, हायती की." दवाखान्यात जाऊ? "नगं, थांबतंय आपसूक." तिचा चष्मा बदलायला बायकोनं दोन आठवडे तिच्या मागं लागून विचारलं होतं. मी तर तिचा मुलगा. तिच्या पहिल्या "नगं"चा अर्थ मला ठाऊक नव्हता असं मी कुणापुढं म्हणू शकत नाही.

सकाळी ती पलंगावर बसून वेणी घालत होती. मी दारातून विचारलं, "आई, कूलरच्या वाऱ्यानं गुडघे धरतात म्हणाली होतीस ना?"

"धरत्यात कदी कदी."

"मग थोडे दिवस मागं नेऊ का? झाडं करपायला लागलीत."

"ने की. मला नगं. मी काय शहरातली हाय का?"

असं म्हणून ती थांबली. वेणी तशीच हातात. त्या थांबण्याची जागा मला लहानपणापासून माहीत होती. तिथं मी "खरंच नको?" असं म्हणायचं होतं. ती म्हणाली असती, नगं. मी आणखी एकदा विचारलं असतं आणि ती म्हणाली असती, ऱ्हाऊ दे मग एवढं म्हणतूस तर. मी काहीच म्हटलं नाही. कूलरची वायर काढली, ढकलत ढकलत तो स्वयंपाकघरातून मागच्या बोळात नेला. मी तो बाहेर काढेपर्यंत ती वेणी हातात धरून बसली होती. मग तिनं ती बांधली.

कूलर पोत्यांच्या आडोशाला बसवला. वारा सुरू झाला तसे पामाचे पंखे हलले. मी फोटो काढला.

बायकोचा फोन यायचा. "आईंना कूलर लावता ना? फार तापलंय म्हणे तिकडं."

"कूलर चालूच आहे," मी म्हणायचो. खोटं एक अक्षरही नव्हतं त्यात.

आई माझ्यासाठी गॅसपुढं उभी राहून भाकरी करत होती. पंख्याखाली झोपत होती. तो पंखा गच्चीनं तापवलेली हवा खाली ढकलायचा. एसीच्या खोलीत मी एकटा झोपत होतो. "तिकडं झोपतेस का" असं मी तिला एकदा म्हटलं होतं. तेही एकदाच.

ती कमी जेवायला लागली. म्हणाली, उन्हाळ्यात जात न्हाय. दुपारी तिचं डोकं दुखायचं. कपाळाला पदर बांधून बसलेली दिसायची. हे मी बघितलं होतं. डॉक्टरांना पुढं मी ते काहीच सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितो.

एके दिवशी दुपारी आमच्या भागातली लाइट गेल्याचं मला ऑफिसात कळलं. मला पहिली आठवण झाली ती बंद पडलेल्या कूलरची. साहेबांना सांगून गाडी काढली. रस्त्यावर माणूस नव्हतं. घरी आलो आणि दारातून आत न जाता बाजूच्या बोळानं थेट मागं गेलो. पोती कोरडी होती. ती भिजवली. फवारणीच्या छोट्या पंपानं प्रत्येक पानावर फवारा मारला, पानाच्या खालच्या बाजूलाही. कुंड्यांमधली वाळू ओली केली. या सगळ्याला बराच वेळ लागला, कारण मी काम मन लावून करतो. मग तहान लागली म्हणून मागच्या दारातून स्वयंपाकघरात गेलो.

आई ओट्याखाली फरशीवर आडवी होती. गार लागावं म्हणून माठाच्या तिवईला पाठ लावून पडली असावी. भिंतीपलीकडं, जेमतेम तीन-चार हातांवर, मी पानं धूत होतो. तिचं अंग चटका बसावा असं तापलेलं आणि कोरडं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हती. काहीतरी पुटपुटत होती. कान लावला तर ती शेळ्यांना हाका मारत होती, एकेकीला नावानं, पाण्यावर.

शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. मी तिला उचललं तेव्हा माझे हात आणि शर्टाच्या बाह्या फवाऱ्यानं ओल्या होत्या.

दवाखान्यात काखेत, मानेला बर्फ लावला. बर्फाच्या पिशव्या मीच धरून बसलो होतो. तरुण डॉक्टर सगळं भराभरा विचारत होते. वय? साखर, बीपी? काय खाल्लं? मग विचारलं, "घरात कूलर वगैरे आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मग लावत नसतील. म्हातारी माणसं ऐकत नाहीत हो."

मी मान हलवली.

बहीण संध्याकाळी अकलूजहून आली. माझ्याहून धाकटी, पण घरात तिच्या जिभेला सगळे भितात. आईच्या उशाशी बसून राहिली, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. मग आईची लुगडी आणायला माझ्याकडून किल्ली घेऊन घरी गेली. परत आली तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दादा, आईच्या खिडकीत कूलर न्हाय."

"मागं नेलाय. झाडांना."

"बघितला मी. लाइट आलीया. झाडं गार वाऱ्यात डुलायलीत."

"अगं, तीच नको म्हणाली."

बहीण माझ्याकडं बघत राहिली. आवाज चढवला नाही. दवाखान्याच्या त्या बाकावर तिनं एवढंच विचारलं, "कितींदा इचारलंस?"

तिनं पिशवीतून आईची लोकरीची धाबळी काढली आणि घड्या घालत बसली, आधीच घडी असलेल्या धाबळीच्या.

आई वाचली. पण तापानं मेंदूला धक्का बसला होता. चालताना तोल जायला लागला आणि बोलणं जड झालं; शब्द तोंडात फिरवून फिरवून बाहेर यायचा. डॉक्टर म्हणाले, काही सुधारेल, काही नाही. सुधारायचं तेवढं पुढच्या दोन महिन्यांत सुधारलं. मग थांबलं.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आई दवाखान्यात असताना मी आंघोळीला घरी यायचो, तेव्हा कूलरमध्ये पाणी भरत होतो. झाडांना शिक्षा कशाला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. पुण्याहून परत आलेल्या बायकोनं मला बादली ओतताना सकाळी दारातून बघितलं. तिला तोवर बहिणीकडून सगळं कळलं होतं. तिनं जाऊन प्लग काढला. त्या अवजड कूलरला एकटीनं, फरशीवर खरवडत, आईच्या खोलीत नेलं आणि खिडकीत बसवलं. मी मदतीला हात लावला तर म्हणाली, "राहू दे." मग पलंगावरची चादर बदलली. त्या पलंगावर त्यानंतर कुणी झोपलेलं नाही. दवाखान्यातून आई परस्पर अकलूजला गेली. बहिणीनं गाडी सांगितली होती, मला विचारलं नव्हतं.

मी कूलर पुन्हा मागितला नाही. पोती भिजवणंही सोडलं. रोपं एकामागून एक वाळली. पंखा ओढला की हातात यायचा. मला वाटलं, हे बरं झालं, सगळी जाऊ देत. पण एक राहिलं. सगळ्यात लहान, भिंतीला टेकलेलं. त्यालाही त्यानंतर ना कूलर मिळाला, ना फवारा. जूनमध्ये त्यानं नवा पंखा काढला. म्हणजे हे रोप कूलरशिवायही जगणारच होतं. मी किती तरी दिवस मागच्या दारात उभा राहून हा हिशेब दुसरा काही लागतो का ते बघत होतो. लागत नाही.

ग्रुपवर मी त्याचा फोटो टाकला. हेही केलंच मी. पापड होईल म्हणणाऱ्यानं नमस्काराचं चिन्ह पाठवलं आणि विचारलं, असं काय केलंत? मी फोन उलटा करून ठेवला. नंतर ग्रुप सोडला.

दर महिन्याला अकलूजला जातो. गेल्या थंडीतलं सांगतो. बहिणीचं घर उसाच्या शेताला लागून. आई सोप्यात खाटेवर बसली होती, अंगावर तीच धाबळी. एका हातानं खाटेची दोरी धरलेली, तोल जातो म्हणून. तिचा चेहरा भरला होता. मी खाली, तिच्या पायांशी बसलो.

"आई, घरी चल ना आता. खोली तशीच ठेवलीय."

"न...गं."

"थोडे दिवस तरी. ही पण वाट बघते तुझी."

"नगं."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बहीण ऐकत होती. मी तिसऱ्यांदा विचारलं. मग चौथ्यांदा. मी किती वेळा विचारलं असेल ते मला सांगता येणार नाही. दर वेळी आई तितक्याच शांतपणे, तितकाच वेळ घेऊन तेच बोलली. तिच्या बोलण्यात थांबून वाट बघण्याची जागा कुठंच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नकोचा अर्थ नको एवढाच होता. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "त्ये... बर्फातलं... हाय का?"

"एक आहे."

"असू दे," ती म्हणाली.

बहिणीनं जेवायला वाढलं. पिठलं, भाकरी, कांदा. मी खाली मान घालून जेवलो. ताटातली भाकरी संपत आली तशी ती टोपली घेऊन आली. "भाकरी?"

"नको," मी म्हणालो. सवयीनं.

"बरं," ती म्हणाली आणि टोपली घेऊन वळली. तिच्या पावलांचा आवाज चुलीपर्यंत गेला. मी ताटाकडं बघत राहिलो. तिनं बरोबरच केलं होतं.

खाटेवरून आईचा आवाज आला. आधी नुसता घशातला, मग एकेक शब्द ओढत.

"परत... इचार की... त्याला."

मग बहीण आली. तिनं काही विचारलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. अर्धी भाकरी मोडून ताटात टाकली आणि गेली. आई दोरी धरून, थोडी पुढं वाकून, मी खातो की नाही ते बघत होती. ती बघत होती म्हणून मी ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.